तबकडीतील दोष आणि श्रोत्याची कारागिरी

बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनीजवळ, चंदन नदीच्या काठी वसलेले रामपायली हे गाव राम-बालाजीच्या मंदिरासाठी आणि कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेसाठी ओळखले जाते. हा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता; १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून इंग्रजांनी बालाघाट हा नवा जिल्हा बनवला आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चालला. ध्वनिमुद्रणाचा कारखाना या परिसरात कधी नव्हता. तरीसुद्धा ग्रामोफोनच्या तबकडीत जन्मतःच येणाऱ्या दोषांचा इतिहास लिहायचा झाल्यास तो कोलकात्याच्या कारखान्यापासून सुरू करण्यापेक्षा वैनगंगेच्या खोऱ्यातील पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांपासून सुरू करणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण विनाइल हे प्लास्टिक येण्यापूर्वी जवळजवळ अर्धशतकभर जगातील तबकड्या ज्या द्रव्याच्या आधारावर घडत होत्या ते द्रव्य म्हणजे लाख होते आणि बालाघाट, भंडारा, गोंदिया हा सारा पट्टा लाखेच्या जंगलांचा होता.

लाख हा झाडाचा डिंक नव्हे. ‘केरिया लॅक्का’ हा अगदी बारीक कीटक कोवळ्या फांदीत सोंड रोवून रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतो; हजारो कीटकांची कवचे एकमेकांना चिकटून फांदीवर जो जाड थर बसतो तो खरवडून काढला की कच्ची लाख मिळते. पळस आणि बोर या झाडांवर येणाऱ्या लाखेला रंगीनी म्हणतात, कुसुमाच्या झाडावरील लाख कुसुमी म्हणून ओळखली जाते, आणि तिचा रंग फिका व दर्जा वरचा असल्याने तिला भावही चांगला मिळतो. रंगीनीची पिके वर्षातून दोन, बैसाखी आणि कतकी. कुसुमीचीही दोन, जेठवी आणि अगहनी. बैसाखी पीक उन्हाळ्यात पक्व होते, परंतु मे महिन्याच्या उन्हात कीटक मरू लागतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी कीटक बाहेर पडण्याआधीच फांद्या तोडल्या जात. अशा अपक्व लाखेला ‘अरी’ म्हणतात. तिच्यात कीटकांचे अवशेष आणि लाल रंगद्रव्य अधिक राहते. ज्या घरात उन्हाळ्याच्या तोंडावर पैशाची निकड असे तेथे पीक पूर्ण पिकण्याची वाट पाहणे परवडत नसे, हेही अरी लाख बाजारात येण्याचे एक कारण होते. तबकडीतल्या दोषाचा पहिला धागा येथे, कर्जबाजारी शेतकऱ्याच्या आणि वनाश्रित कुटुंबाच्या हिशेबात सापडतो.

कच्ची लाख कुटून, धुऊन, चाळून जे दाणे उरतात त्यांना चौरी म्हणत आणि चौरी वितळवून केलेल्या पातळ पापुद्र्यांना चपडा. चपडा करण्याची जुनी रीत अशी होती की काही मीटर लांबीच्या कापडी पिशवीत चौरी भरून ती भट्टीच्या धगीसमोर धरली जाई, एक कारागीर पिशवीचे टोक पिळत राही आणि कापडातून गाळून बाहेर पडणारी वितळलेली लाख दुसरा कारागीर गरम पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर पसरवी. मग तो थर उचलून, हातांनी, पायांनी आणि दातांनीसुद्धा ताणून, कागदासारखा पातळ केला जाई. मिर्झापूर आणि बंगालमधील केंद्रांप्रमाणेच गोंदियातही लाखेचे कारखाने उभे राहिले. हावड्याकडे जाणारी मुख्य लोहमार्गाची वाट आणि बालाघाटकडून येणारा अरुंद मार्ग तेथे मिळत असल्याने जंगलातला माल तेथे गोळा होणे स्वाभाविक होते. या प्रक्रियेत गाळणी म्हणजे पिशवीचे कापड एवढीच. ते विरळ असले तर वाळूचे कण, सालीचे तुकडे आणि कीटकांचे अवशेष लाखेबरोबर निसटत. याशिवाय व्यापारात मिसळ चाले: लाखेत स्वस्त राळ घालणे आणि पिवळसर तेजासाठी हरताळ टाकणे या दोन्ही गोष्टी सर्वज्ञात होत्या. राळ वाढली की पदार्थ ठिसूळ होई. याहून सूक्ष्म दोष उष्णतेचा होता. लाख जास्त वेळ तापत राहिली किंवा गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिचे रेणू एकमेकांशी जखडत जातात आणि ती पुन्हा नीट वितळत नाही. वरून पाहता असा चपडा चांगलाच दिसतो, मात्र दाबयंत्राखाली तो हवा तसा वाहत नाही. या सगळ्याचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकूम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली, यावरून या मालाची जागतिक बाजारातील किंमत लक्षात यावी.

तबकडी मात्र शुद्ध लाखेची कधीच नव्हती. एमिल बर्लिनर याने सपाट चकतीवर आवाज कोरण्याची पद्धत १८८७ मध्ये पेटंट केल्यानंतर प्रथम कठीण रबराच्या चकत्या केल्या. त्या एकसारख्या उठत नसत, म्हणून १८९५ नंतर त्याने बटणे तयार करणाऱ्या कारखान्यातील लाखमिश्रणाचा अवलंब केला. या मिश्रणात लाखेचा वाटा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याच्या आसपास असे; बाकी पाटीच्या दगडाची किंवा चुनखडीची बारीक पूड, काळ्या रंगासाठी काजळी आणि मजबुतीसाठी कापसाचे तंतू. दगडाची पूड ही काटकसर तर होतीच, पण तिचे दुसरेही काम होते. तत्कालीन यंत्रात ध्वनिपेटीचे शंभर ग्रॅमहून अधिक वजन पोलादी सुईच्या टोकावर पडत असे. सुई नवी असताना तिचे टोक खाचेच्या आकाराशी जुळत नसे, आणि पहिल्या काही फेऱ्यांत तबकडीतील पूडच त्या टोकाला घासून खाचेच्या मापाचे करीत असे. म्हणून प्रत्येक बाजूसाठी नवी सुई वापरावी, अशी सूचना दिली जाई. आज जुन्या ध्वनिमुद्रिकेतून जी अखंड खरखर ऐकू येते तिचा बराचसा भाग अपघाताने आलेला नाही. सुई घासली जावी यासाठी जाणूनबुजून घातलेल्या दगडाचा तो आवाज आहे. ज्या वस्तूच्या निर्मितीतला शेवटचा टप्पा ग्राहकाच्या घरात, ग्राहकाने बसवलेल्या सुईवर पूर्ण व्हायचा, त्या वस्तूचा श्रोता हा निव्वळ ग्राहक नसून कारखान्याचा शेवटचा, बिनपगारी कारागीर होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. लाखेच्या युगातील श्रोत्यांनी दोषांशी जे जुळवून घेतले त्याचा उलगडा याच दृष्टीने नीट होतो.

भारतातील पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ च्या अखेरीस कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग याने केले, आणि मेणावर कोरलेले ते आवाज जर्मनीतील हानोव्हरला पाठवून तेथे तबकड्या काढण्यात आल्या. ज्या कामगारांना एकही भारतीय भाषा समजत नव्हती त्यांच्याकडून एकीच्या तबकडीवर दुसरीच्या नावाचे लेबल चिकटवले जाण्याचा धोका उघड होता; गायिका गौहरजान आणि तिच्या समकालीन कलावंतांनी गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारावे ही प्रथा त्यातूनच पडली, असे मानले जाते. हौशी रसिकांना त्या घोषणेत कलावंताचा तोरा जाणवतो, पण मुळात ती चुकीचे लेबल लागू नये म्हणून घेतलेली खबरदारी होती. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदा येथे कारखाना सुरू झाला, १९२८ च्या सुमारास तो दमदमच्या मोठ्या जागेत गेला, आणि १९३५ मध्ये मुंबईत वडाळ्याला ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढणारी स्वदेशी कंपनी उभी राहिली. मध्य प्रांतातील लाख रेल्वेने कोलकात्याला जाई आणि त्याच रेल्वेने बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांचे गाणे नागपूर-गोंदियाच्या बाजारात परत येई. कोणत्या तबकडीत कोणत्या जंगलाची लाख आहे हे मात्र कोणालाच सांगता आले नसते, कारण गोदामात पोहोचेपर्यंत सगळा माल एकमेकांत मिसळलेला असे.

कारखान्यातील दोष समजण्यासाठी तबकडी कशी उठते ते पाहावे लागते. मूळ मेणाच्या चकतीवर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून तिची उलटी प्रत घेतली जाई, त्या प्रतीवरून सुलटी आणि सुलटीवरून पुन्हा उलटी; ही अखेरची उलटी प्रत म्हणजे ठसा. दोन ठशांच्या मध्ये लेबले आणि गरम, मऊ मिश्रणाचा गोळा ठेवून दाबयंत्र मिटले जाई, आधी वाफेने तापवून आणि लगेच पाण्याने थंड करून ते उघडले जाई. गोळा पुरेसा तापलेला नसला किंवा त्यातील लाख जुनी असली तर मिश्रण ठशाच्या तळापर्यंत पोहोचत नसे आणि खाचेचा काही भाग अर्धवट राही. तेथून सुई जाताना कापड फाटल्यासारखा आवाज येई. गोळ्यात हवा किंवा ओल अडकली तर पृष्ठभागावर फोड उठत. यंत्र घाईने उघडले तर तबकडीला बाक येई. ठसा हजार-दीड हजार प्रतींनंतर झिजत असे, आणि मागणी मोठी असलेल्या गाण्याच्या बाबतीत तो वेळेवर बदलण्याचा मोह आवरणे कठीण होते. लोकप्रिय पदाच्या उशिराच्या प्रती त्यामुळे पहिल्या प्रतींपेक्षा बोथट वाजत.

या सर्वांत संगीताच्या दृष्टीने सर्वात घातक, आणि डोळ्यांना सर्वात कमी दिसणारा दोष म्हणजे मधले भोक केंद्रापासून ढळलेले असणे. खाचांच्या वर्तुळांचा मध्य आणि भोकाचा मध्य यांत फरक पडला की तबकडीच्या प्रत्येक फेरीत सुई एकदा आत व एकदा बाहेर झोके घेते, तिच्याखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग कमी-जास्त होतो आणि त्या प्रमाणात स्वर उतरतो व चढतो. हिशेब सोपा आहे. दहा इंची तबकडीच्या बाहेरच्या खाचा मध्यापासून सुमारे १२० मिलिमीटरवर असतात. भोक १ मिलिमीटरने ढळले तर तेथे स्वर दोन्ही बाजूंना सुमारे ०.८ टक्के हलतो. गाणे संपत येते तेव्हा सुई ६० मिलिमीटरच्या आसपास पोहोचलेली असते आणि तोच १ मिलिमीटर तेथे १.६७ टक्क्यांचा होतो. भारतीय शास्त्रकारांच्या गणितात प्रमाणश्रुती हे ८१:८० असे गुणोत्तर, म्हणजे १.२५ टक्क्यांचे अंतर आहे. म्हणजेच एवढ्या एका मिलिमीटरच्या चुकीने गायकाचा षड्ज गाण्याच्या शेवटी एका श्रुतीहून अधिक खाली-वर होऊ लागतो, आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने हे दर सेकंदाला एकाहून अधिक वेळा घडते. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात हा दोष कदाचित सहन होईल. ज्या संगीतात सारे काही एका स्थिर षड्जावर तोलले जाते त्यात तो जीवघेणा आहे. शिवाय शिकाऊ कानाला हा झोका आंदोलनासारखा वाटण्याचा धोका होता, कारण काही रागांत विशिष्ट स्वर हळुवार हलवूनच लावले जातात. जाणता श्रोता मात्र दोष साथीवरून ओळखी: ऑर्गनच्या किंवा पेटीच्या पट्ट्यांना आंदोलन घेता येत नाही, तेव्हा गायकाबरोबर तीही झुलू लागली की चूक गळ्यातली नसून भोकातली आहे हे निश्चित. नाट्यसंगीताच्या तबकड्यांत ऑर्गनची साथ सर्रास असल्यामुळे मराठी श्रोत्याजवळ ही कसोटी आयतीच होती.

उपायही तसाच साधा. भोक कानशीने किंचित मोठे करायचे, तबकडी थाळीवर सैल ठेवून सुईच्या हाताचा झोका थांबेपर्यंत ती बोटाने इकडेतिकडे सरकवायची आणि मग वाजवायची. बाकलेल्या तबकडीसाठी दोन जाड काचांमध्ये तिला ठेवून सौम्य उष्णता देत आणि वजनाखाली सावकाश थंड होऊ देत. वैनगंगेच्या खोऱ्यात आणि विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. तेथे कौलांखाली किंवा पत्र्याखाली तिरक्या ठेवलेल्या तबकड्या आपोआपच वाकत, त्यामुळे कारखान्याचा बाक कोणता आणि वैशाखाचा कोणता याचा निवाडा अवघड होई. तबकडी स्पिरिटने पुसू नये हा नियम तर पहिल्याच चुकीत शिकला जाई, कारण लाख मद्यार्कात विरघळते. खाच फुटून सुई एकाच फेरीत अडकली तर सुईच्या हाताला हलकासा धक्का देत, आणि सुई उड्या मारत असेल तर ध्वनिपेटीवर नाणे ठेवत. नाण्याने गाणे पुढे सरके खरे, पण खाच लवकर झिजे. काटकसरीपोटी एकच सुई पाच-दहा वेळा वापरणे हे त्याहून मोठे नुकसान होते. घासून पसरट झालेले टोक खाचेच्या भिंती खरवडत जाई. पोलादाऐवजी बांबूच्या तिकोनी सुया आणि निवडुंगाचे काटे वापरून आवाज मवाळ करण्याची रीत परदेशात रूढ होती; अशी सुई तबकडीला जपते, मात्र स्वतः लगेच झिजते आणि आवाजही लहान करते.

वेगाचा दोष वेगळ्या प्रकारचा होता. तबकडीवर ७८ हा आकडा रूढ होण्यापूर्वीची ध्वनिमुद्रणे सत्तरपासून ऐंशीच्या पुढे अशा वेगवेगळ्या वेगांनी केलेली आहेत, त्यामुळे चावीच्या यंत्रावरील वेगाचा खटका फिरवून गायकाला त्याच्या खऱ्या पट्टीत आणण्याचे काम श्रोत्याकडे आले. ज्याने त्या गायकाला प्रत्यक्ष ऐकले असेल किंवा ज्याच्या घरी सुरात लावलेली पेटी असेल तोच हे नीट करू शके. गावोगावी नाटक कंपन्या फिरत असण्याच्या काळात असे कान दुर्मीळ नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने हा सगळा व्यवहार ढवळून काढला. लाख ही दारूगोळ्याच्या वेष्टनासाठी आणि विजेच्या रोधकांसाठीही लागत असल्याने अमेरिकेने एप्रिल १९४२ मध्ये तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घालून तिचा वापर ७० टक्क्यांनी कमी केला. जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून, त्यांच्यापासून नव्या काढणे हा मार्ग अनेक देशांत पत्करला गेला. दळलेल्या मालात लेबलाच्या कागदाचे कपटे, धूळ आणि एकदा तापून कडक झालेली लाख असे. अशा तबकडीच्या पृष्ठभागावर कागदाचा ठिपका कधीकधी उघड्या डोळ्यांनीही दिसतो, आणि त्या जागी सुई खट्ट वाजते. याच टंचाईत अमेरिकी सैन्यासाठी काढलेल्या ‘व्ही-डिस्क’ तबकड्यांत विनाइलचा वापर झाला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादी तबकडी बाजारात आणली आणि लाखेच्या युगाचा शेवट ठरून गेला. भारतात तो लांबला. दमदमच्या कारखान्यातून साठीच्या दशकातही ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या निघत होत्या, आणि ‘बीटल्स’ची गाणी लाखेवर उठवलेला देश म्हणून परदेशी संग्राहक आजही भारताचे नाव घेतात.

विनाइलमध्ये दगडाची पूड नव्हती, त्यामुळे खरखर गेली. त्याबरोबरच श्रोत्याचा सुई घडवण्यातला वाटाही गेला. हिऱ्याची सुई आयती घडवलेली येई, तिच्यावर पडणारे वजन दोन-चार ग्रॅम, आणि खाचेची रुंदी लाखेच्या खाचेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी. शांत पार्श्वभूमीवर पूर्वी लपून गेलेले दोष आता उठून दिसू लागले. खाच अर्धवट भरणे, फोड, बाक, ढळलेले भोक हे जुने दोष राहिलेच; त्यांत स्थिर विजेने धूळ ओढून घेण्याचा आणि शेजारच्या खाचेचा आवाज भिंतीतून उमटून गाणे सुरू होण्याआधीच त्याची पुसट चाहूल लागण्याचा दोष नव्याने आला. १९७३ च्या तेलसंकटानंतर कच्चा माल महागला तेव्हा पातळ तबकड्या आणि पुन्हा वितळवलेले विनाइल यांची तक्रार जगभर ऐकू आली, म्हणजे युद्धकाळातील दळलेल्या लाखेचीच ती दुसरी आवृत्ती. श्रोत्याची भूमिका मात्र बदलली होती. लाखेच्या तबकडीतील खरखर हा त्या वस्तूचा स्वभाव मानला जाई. विनाइलमधील एकेक ‘टिक’ हा कारखान्याचा गुन्हा ठरला, आणि दुरुस्तीऐवजी प्रत बदलून मागणे हा मुख्य उपाय झाला. यात ग्राहकाचा हक्क वाढला यात शंका नाही, पण दोषाचे कारण ओळखण्याची घरगुती विद्या त्याच वेगाने ओसरली.

ती विद्या आता संग्राहकांकडे उरली आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आणि तिच्याशी दीर्घकाळ निगडित असलेल्या सुरेश चांदवणकर यांनी जुन्या तबकड्यांची नोंद, श्रवण आणि लेखन यांची परंपरा महाराष्ट्रात रुजवली. जुन्या तबकडीवरून संगणकावर आवाज उतरवताना जाणकार वापरतात ते उपाय पाहिले की गावातल्या त्या जुन्या श्रोत्याचीच युक्ती वेगळ्या साधनांनी चाललेली दिसते. खाचेच्या ज्या उंचीवर पोलादी सुईने भिंत झिजवली आहे तिच्या वर किंवा खाली टेकेल अशा कमी-अधिक जाडीची हिऱ्याची सुई निवडली जाते. दोन्ही भिंतींचे संकेत एकत्र केले जातात, त्यामुळे आडव्या हालचालीत साठवलेले गाणे राहते आणि उभ्या हालचालीतून येणारा गोंगाट वजा होतो. ठशाचा क्रमांक लेबलाजवळच्या मोकळ्या जागेत कोरलेला असतो, त्यावरून आधीच्या, कमी झिजलेल्या ठशाची प्रत शोधली जाते. संगणक खट्ट आवाज पुसू शकतो, भोकाचा झोकाही गणिताने काही अंशी सावरू शकतो. मात्र जेथे मिश्रण ठशात शिरलेच नाही, जेथे खाच उमटलीच नाही, तेथे दुसरी प्रत मिळाल्याखेरीज इलाज नाही. म्हणून एकाच पदाच्या तीन-चार सदोष प्रती बाळगणारा संग्राहक हटवादी वाटला तरी तो हिशेबी असतो, एकीतला तुटका भाग दुसरीतून जोडता येतो.

बालाघाटच्या जंगलात लाख अजूनही येते. तबकड्यांची मागणी संपल्यानंतर ती बांगड्यांना, लाकडाच्या पॉलिशला, औषधाच्या गोळ्यांवरील आवरणाला आणि फळांच्या चकाकीला लागते. चपड्यात राळ किती, न विरघळणारा गाळ किती आणि तापवल्यावर तो किती वेळ वाहता राहतो या कसोट्या मात्र तबकडीच्या काळात होत्या त्याच आजही मालाचा भाव ठरवतात.